‘बंद दरवाजा’ : पिशाच्चाने मागितलेली मुलगी

१.
एका ठाकुराच्या हवेलीत पाळणा हललेला नाही. घरातील मंडळी त्याच्या दुसऱ्या विवाहाची भाषा बोलू लागली आहेत. व्याकूळ झालेली ठकुराईन दासीच्या सांगण्यावरून काळ्या पहाडीवर जाते. तेथे तिला अपत्याचे वचन मिळते, पण एका अटीवर : मुलगा झाला तर तो तिचा, मुलगी झाली तर ती पहाडीवरच्या मालकाची. हा मालक म्हणजे रक्तपिपासू पिशाच्च ‘नेवला’. चित्रपट ‘बंद दरवाजा’, साल १९९०, दिग्दर्शक तुलसी आणि श्याम रॅमसे.

२.
सुळे, काळा झगा, वटवाघूळ, धुके आणि निळे-तांबडे प्रकाशझोत यांमुळे हा चित्रपट आज हौशी प्रेक्षकांत ‘भारतीय ड्रॅक्युला’ म्हणून मिरवतो. परंतु त्याच्या कथेचा कणा सुळ्यांत नसून त्या अटीत आहे. ती अट कोठून आली, ती प्रेक्षकांना विचित्र का वाटली नाही आणि त्याच काळात महाराष्ट्रात प्रत्यक्ष काय घडत होते, याचा हा मागोवा. त्यासाठी मुंबईच्या स्टुडिओइतकेच भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या गावाकडेही पाहावे लागते.

३.
प्रथम रॅमसे कुटुंब. मूळ आडनाव रामसिंघानी. कराचीत रेडिओचे दुकान चालवणारे फतेहचंद रामसिंघानी फाळणीनंतर मुंबईत आले आणि पुढे चित्रपटनिर्मितीत उतरले. ‘शहीद-ए-आझम भगतसिंग’ (१९५४) आणि ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) हे त्यांचे आरंभीचे चित्रपट. १९७० साली आलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ तिकीटबारीवर आपटला. मात्र त्यातील एका प्रसंगी, भयंकर मुखवटा चढवून चोरी करणारे पृथ्वीराज कपूर दिसताच, प्रेक्षक शहारत. मुलांनी हे हेरले आणि वडिलांना सांगितले, लोकांना भीती हवी आहे.

४.
मग सातही भावांनी कामे वाटून घेतली. कुमार यांच्याकडे लेखन, तुलसी आणि श्याम यांच्याकडे दिग्दर्शन, गंगू यांच्याकडे कॅमेरा, किरण यांच्याकडे ध्वनी, अर्जुन यांच्याकडे संकलन, तर केशू यांच्याकडे छायाचित्रण व निर्मितीची व्यवस्था. १९७२च्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी सारे कुटुंब मोजक्या तंत्रज्ञांसह महाबळेश्वरला मुक्कामी गेले. मोठे तारे नाहीत, भव्य सेट नाहीत. सह्याद्रीतील धुके फुकट मिळत होते. हिंदी भयपटाचा एक संपूर्ण घरगुती कारखाना असा महाराष्ट्राच्या मातीत उभा राहिला.

५.
या कारखान्याचा माल कोठे खपत असे? महानगरांतील प्रतिष्ठित चित्रपटगृहे रॅमसेपटांकडे नाक मुरडत. त्यांचा खरा आधार होता तालुक्याच्या गावातील टॉकीज आणि पुढे व्हिडिओ कॅसेट. चित्रपट-व्यवसायाच्या नकाशावर विदर्भ आजही ‘सी. पी. बेरार’ या जुन्या ब्रिटिशकालीन नावाने ओळखल्या जाणाऱ्या वितरण-क्षेत्रात मोडतो. अमरावती आणि भुसावळ ही या क्षेत्रातील वितरकांची ठाणी. प्रांत गेला, राज्ये बदलली, तरी रिळांच्या डब्यांवर ते नाव टिकून राहिले.

६.
दिघोरी हे गाव भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील लाखांदूर तालुक्यातले. भोवताली धानाची बांधी आणि तळी. पुढे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांचा हा जंगलाळ टापू ‘झाडीपट्टी’ म्हणून ओळखला जातो. वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची जणू राजधानी. नाट्यमंडळांची कार्यालये तेथे एकवटलेली आहेत. म्हणजे दिघोरीचा प्रेक्षक हा मुळात रात्र जागवून नाटक पाहणारा, जाणता प्रेक्षक आहे.

७.
धान कापून झाले, दिवाळी उलटली की या भागात मंडईचा हंगाम सुरू होतो. गावोगाव मंडई भरते, पाहुणे-रावळे येतात, पूर्वी शंकरपटही रंगत. रात्री तिकीट काढून नाटक पाहिले जाते आणि ते पहाटेपर्यंत चालते. दंडारीसारख्या लोककलेत या रंगभूमीची मुळे आहेत. तिच्या नाटकांत हुंडा, व्यसन, जमिनीचे वाद, सासुरवास हे विषय गाणी आणि विनोद यांच्यासोबत येतात. २०२३ साली परशुराम खुणे या झाडीपट्टी कलावंताला पद्मश्री मिळाली, तेव्हा राज्याच्या उर्वरित भागाला या परंपरेचे भान आले.

८.
रॅमसेपटाची घडण याच्याशी विलक्षण जुळते. त्यातही गाणी आहेत, मध्येच येणारा विनोदवीर आहे (‘बंद दरवाजा’त जॉनी लिव्हर), अश्रू आहेत आणि शेवटी दुष्टाचे निर्दालन आहे. महानगरी समीक्षकाला ही सरमिसळ हास्यास्पद वाटली. पण रात्रभराच्या नाटकाला सरावलेल्या प्रेक्षकासाठी भय, गाणे आणि घरगुती दुःख एकाच मंचावर येणे ही नेहमीची गोष्ट होती. भूत हे घरातल्या भांडणाचेच पुढचे पाऊल, ही समज त्याला नव्याने शिकवावी लागली नाही.

९.
आता एक भाषिक पेच. मराठीत व्हॅम्पायरला शब्द कोणता? इंग्रज प्रवासी आणि अनुवादक रिचर्ड बर्टन याने १८७० साली वेताळकथांचे स्वैर इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले आणि शीर्षकात वेताळाला सरळ ‘व्हॅम्पायर’ करून टाकले. हा अनुवाद नव्हता, वेषांतर होते. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त आलेला वेताळ प्रेतात वस्ती करतो, झाडाला उलटा लोंबकळतो, पण त्याची भूक रक्ताची नाही. तो कोडी घालतो आणि राजाच्या न्यायबुद्धीची परीक्षा पाहतो.

१०.
शिवाय मराठी-कोकणी मुलखात वेताळ हा गावाचा राखणदार आहे. गोव्यात आमोणे आणि लोलये येथे त्याची देवस्थाने आहेत. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. रात्री तो गावाच्या सीमेवर फेरी मारतो अशी श्रद्धा. युरोपीय व्हॅम्पायर गावाचे रक्त पितो, तर इकडचा वेताळ गाव राखतो. उलटे लोंबकळणे एवढे एक साम्य सोडले तर दोघांत फारसे नाते नाही. रॅमसे बंधूंनी नेवला घडवताना वेताळाकडे पाहिले नाही. त्यांची नजर इंग्लंडच्या हॅमर कंपनीवर होती.

११.
व्हॅम्पायरची युरोपीय कुळकथाही बोलकी आहे. पूर्व युरोपातील लोककथांत तो बहुधा गावातलाच, नीट न पुरलेला, सुजलेला मृत शेतकरी असे. १८१९ साली जॉन पॉलिडोरीच्या कथेने त्याला उमराव केले. १८९७ साली ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ने त्याला गढी, इस्टेट आणि दासी-दूत दिले. १९५८च्या हॅमरपटात ख्रिस्तोफर ली या उंचापुऱ्या नटाने त्याला रंगीत पडद्यावर झगा, लाल डोळे आणि दरबारी ऐट दिली. नेवलाची ऐट तेथून आलेली आहे.

१२.
नेवलाची भूमिका अजय अग्रवाल यांची. रूडकीला स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला हा विलक्षण उंच माणूस ‘पुराना मंदिर’ (१९८४) मधील ‘सामरी’ म्हणून आधीच गाजला होता. पुढे १९९४च्या ‘बँडिट क्वीन’मध्ये बाबू गुज्जर हा अत्याचारी दरोडेखोर त्यांनीच उभा केला. रॅमसेंच्या कल्पित राक्षसाकडून शेखर कपूर यांच्या वास्तववादी राक्षसाकडे एकाच चेहऱ्याचा प्रवास झाला, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. दोन्हीकडे धोक्यात आहे ते स्त्रीचे शरीर.

१३.
आणि ठाकूर प्रतापसिंह? ती भूमिका विजयेंद्र घाटगे यांची, म्हणजे कागलच्या घाटगे घराण्यातील, खऱ्याखुऱ्या संस्थानी वारशाच्या नटाची. रॅमसेपटांत ठाकूर, हवेली, नोकरचाकर आणि भयभीत गाव ही चौकट पुन्हा पुन्हा येते. संकट बाहेरून येत नाही. ते त्या घराच्या पूर्वजांनी केलेल्या कृत्यातून किंवा घराच्या हव्यासातून उगवते. ‘पुराना मंदिर’मध्ये राजाने सामरीचे मस्तक उडवले म्हणून त्याच्या वंशातील प्रत्येक स्त्री प्रसूतीत मरण पावेल, असा शाप आहे. पुरुषाचे कृत्य, फेड मात्र स्त्रीची.

१४.
ही हवेली भंडारा जिल्ह्याला अनोळखी नव्हती. मध्य प्रांतात इंग्रजांनी १८६०च्या दशकातील जमाबंदीत मालगुजारांना गावांचे मालकी हक्क दिले. गावचा सारा गोळा करणारा माणूस गावाचा धनी झाला. जिल्ह्यातील तळी, त्यांवरचे पाणी, जंगल, पडीक जमीन या साऱ्यांवर त्याचा शब्द चाले. तळी बांधण्यात कोहळी समाजाचे कसब वाखाणले गेले, आणि अनेक मालगुजारांनी तळ्यांची निगाही राखली. पण वेठ आणि कर्ज यांचाही उगम त्याच वाड्यात होता.

१५.
मध्य प्रदेश शासनाच्या १९५०च्या कायद्याने १९५१ साली मालगुजारी संपली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. तळी शासनाकडे गेली आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ या सरकारी नावाने आजही ओळखली जातात. लोक त्याचे सुटसुटीत ‘मामा तलाव’ करतात. सत्ता गेली, वाडे राहिले. सत्ता नसलेला, पण दरारा शिल्लक असलेला वाडा ही भुताच्या गोष्टीसाठी सर्वांत योग्य जागा. ड्रॅक्युलाची गढीही नेमकी तशीच आहे : काळाने मोडीत काढलेला, तरीही मरायला तयार नसलेला जमीनदार.

१६.
‘रक्त पिणे’ हा मराठीत पिशाच्चापेक्षा सावकाराला अधिक लावला जाणारा वाक्प्रचार आहे. कार्ल मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’ या ग्रंथात भांडवलाला जिवंत श्रमावर जगणाऱ्या व्हॅम्पायरची उपमा दिली. १८८३ साली महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या शोषणाची साखळी उलगडून दाखवली, तीही कोणत्याही भुताची मदत न घेता. ज्याचे रक्त आटते त्याला व्हॅम्पायर कोण हे समजायला परदेशी कादंबरी लागत नाही.

१७.
मराठी कलावंतांनी याच धाग्याला अधिक गंभीरपणे हात घातला तो १९८० साली. अरुणा राजे आणि विकास देसाई (‘अरुणा-विकास’) यांचा हिंदी चित्रपट ‘गहराई’, लेखनात विजय तेंडुलकर, भूमिकांत श्रीराम लागू, अनंत नाग, पद्मिनी कोल्हापुरे. शहरात राहणारा मालक गावची वडिलोपार्जित जमीन साबणाच्या कारखान्याला विकतो. त्यानंतर त्याची मुलगी झपाटली जाते. तिच्या तोंडून जे बाहेर येते ते भुताचे नसून घराचेच पाप असते : जमीन राखणाऱ्या गड्याच्या बायकोशी मालकाने ठेवलेले संबंध आणि तिने विहिरीत दिलेला जीव.

१८.
‘गहराई’त उपचाराच्या नावाखाली आलेला मांत्रिक (अमरीश पुरी) त्या मुलीवरच घाला घालू पाहतो. म्हणजे ‘बंद दरवाजा’च्या दहा वर्षे आधी एका मराठी चमूने दोन गोष्टी सांगून टाकल्या होत्या. पहिली, वाड्यातील भूत हे बहुधा दडपलेले सत्य असते. दुसरी, त्या भुतावर उतारा विकणारा माणूस भुताहून घातक असू शकतो. रॅमसेंनी हे इतक्या स्पष्टपणे मांडले नाही. त्यांनी मांत्रिक आणि भूत यांना एकाच पहाडीवर नेऊन बसवले.

१९.
मराठी लोकसमजुतीतील भुतांची यादी नीट वाचली तर ती सामाजिक नोंदवहीच वाटते. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधीच गेलेला मुलगा तो मुंजा. नवरा हयात असताना मेलेली सवाष्ण ती जखीण. विधवेचे भूत ते लावसट. गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेलेली ती अळवंत किंवा हडळ. पुरुषाचे भूत त्याच्या जातीवरून वा हव्यासावरून ओळखले जाते. स्त्रीचे मात्र नवरा आणि मूल यांवरून. मरणानंतरही वैवाहिक स्थितीची नोंद कायम.

२०.
या यादीच्या उजेडात ठकुराईनचे पाऊल पाहावे. हवेलीत तिचे स्थान ती कोण आहे यावर नसून तिला मूल आहे का यावर ठरते. हिंदू विवाह कायद्याने १९५५ साली द्विभार्या विवाह निषिद्ध केला. तरी पडद्यावरील घराण्यात सवतीची धमकी सहज दिली जाते आणि १९९०चा प्रेक्षक ती सहज स्वीकारतो. दोष पतीतही असू शकतो हा विचार कथेत कोणाच्याच मनाला शिवत नाही. ती पहाडीवर जाते ती मोहाने नव्हे, घराबाहेर काढले जाण्याच्या भीतीने.

२१.
आता ती अट. पिशाच्चाने मुलगी मागितली. त्याला मुलगीच का हवी, याचे उत्तर भयपटाच्या भाषेत वासना आणि रक्त असे देता येईल. पण व्यवहाराच्या भाषेत उत्तर सोपे आहे : जी वस्तू घराला नको, तिची मागणी केली तर सौदा लवकर पटतो. नेवलाला ठाकुरांच्या घराचे मन नीट कळले आहे. त्याची अट राक्षसी वाटते, परंतु ती समाजात आधीच अस्तित्वात असलेल्या हिशेबाची प्रत आहे. मुलगा आपला, मुलगी परक्याची.

२२.
हाच हिशेब त्या वर्षांत दवाखान्यांत मांडला जात होता. गर्भजलपरीक्षेचा उपयोग लिंगनिदानासाठी होऊ लागल्यावर १९८०च्या दशकात मुंबईतील स्त्री-चळवळीने आवाज उठवला. १९८६ साली त्यासाठी स्वतंत्र मंच उभा राहिला. १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. केंद्राचा कायदा १९९४ साली आला. ‘बंद दरवाजा’ या दोहोंच्या मध्ये, १९९० साली, पडद्यावर झळकला.

२३.
कायदा झाला, पण आकडे घसरत राहिले. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली : १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. बीडसारख्या जिल्ह्यात २०११ मध्ये हे प्रमाण ८००च्या आसपास उतरले. भंडारा, गडचिरोली हे पूर्वेकडील जिल्हे राज्याच्या सरासरीहून वर राहिले. म्हणजे ज्या भागांना मागास म्हटले जाई तेथे मुली अधिक वाचल्या, आणि पैसा व सोनोग्राफी यंत्रे जेथे आधी पोहोचली अशा अनेक भागांत त्या कमी झाल्या. पिशाच्च काळ्या पहाडीवरच राहते, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

२४.
चित्रपटाला मात्र न्याय द्यायला हवा. मुलगी जन्मते आणि आई शब्द मोडते. ती मुलगी द्यायला नकार देते आणि त्याची किंमत स्वतःच्या प्राणाने चुकवते. दासी महुआ (अरुणा इराणी) हिच्या हातून हे घडते. स्त्रीला पहाडीवर नेणारी आणि स्त्रीला संपवणारी एकच. त्यानंतर ठाकूर त्या मुलीसाठी पिशाच्चाशी झुंजतो. मुलासाठी रचलेल्या कथेत बाप मुलीसाठी जीव धोक्यात घालतो, हे त्या काळच्या हिंदी पडद्यावर लहानसहान घडणे नव्हते.

२५.
परंतु उत्तरार्धात कथा माघार घेते. तीच मुलगी, काम्या (कुनिका), मोठी होते. तिला हवा असलेला तरुण दुसऱ्या मुलीवर प्रेम करतो. नकार सहन न होऊन काम्या वशीकरणाच्या मागे काळ्या पहाडीकडे वळते आणि पिशाच्चाला पुन्हा बळ मिळते. नायिकेची जागा सोज्वळ सपनाला. इच्छा बोलून दाखवणारी स्त्री धोकादायक, हा जुना निवाडा कायम राहतो. ज्या मुलीला आईने मरून वाचवले, तिच्यावर चित्रपटाने विश्वास टाकला नाही.

२६.
‘वीराना’ (१९८८) या आधीच्या रॅमसेपटात हे आणखी उघड आहे. तेथे ठाकुराचा धाकटा भाऊ एका ‘चुडैल’ ठरलेल्या स्त्रीला पकडतो आणि तिला फासावर दिले जाते. पडद्यावर ती खरोखरच चेटकीण असते, म्हणून प्रेक्षक टाळ्या वाजवतो. पडद्याबाहेर ती कधीच चेटकीण नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यातील वणी या खेड्यात जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांसह काही ग्रामस्थांना भर चौकात बांधून मारहाण झाली. झाडीपट्टीच्याच एका जिल्ह्यातील ही घटना.

२७.
याच विदर्भातून प्रतिकारही उभा राहिला. १९८२ साली नागपुरात श्याम मानव यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाली. १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम सुरू केले. जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी वर्षानुवर्षे रेंगाळली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला.

२८.
या कायद्याची अनुसूची वाचताना ‘बंद दरवाजा’ची पटकथा समोर ठेवावी. अपत्यहीन स्त्रीला दैवी शक्तीने मातृत्व देण्याचे आमिष दाखवून तिच्याशी लैंगिक संबंध ठेवणे हा गुन्हा. गर्भातील मुलाचे लिंग बदलून देण्याचा दावा करणे हा गुन्हा. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत. काळी पहाडी कायद्याच्या भाषेत कलमांत उतरली.

२९.
चित्रपटामुळे कायदा झाला असे मुळीच नाही, आणि कायदा करणाऱ्यांनी रॅमसेपट पाहिला असण्याचीही गरज नाही. दोघांनी एकाच वास्तवाकडे पाहिले एवढेच. एकाने त्यावर धूर सोडला, निळा प्रकाश टाकला आणि तिकीट लावले. दुसऱ्याने त्याला गुन्हा म्हटले. इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही साधने उपयोगी आहेत : कायदा समाजाला काय थांबवायचे होते ते सांगतो, भयपट समाजाला काय उघडपणे बोलता येत नव्हते ते सांगतो.

३०.
‘बंद दरवाजा’ला मोठे यश लाभले नाही. १९९३ साली रॅमसे दूरचित्रवाणीकडे वळले; ‘झी हॉरर शो’ने नव्या पिढीची झोप उडवली. त्याच वर्षी महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने मराठी पडद्यावर तात्या विंचू आणला आणि भीतीला हसण्याची जोड दिली. गंभीर भीती मराठीत पुस्तकांनी सांभाळली होती. नारायण धारप यांनी ‘लुचाई’त स्टीफन किंगच्या व्हॅम्पायरकथेला मराठी गाव दिले. पुढे २०१८च्या ‘तुंबाड’ने वाडा, हव्यास आणि भूक यांची गोष्ट पुन्हा सांगितली.

३१.
दिघोरीच्या परिसरात आजही धान कापल्यावर मंडई भरते आणि रात्रीच्या नाटकात कोणीतरी सून, कोणीतरी मुलगी मंचावर उभी राहून आपले गाऱ्हाणे मांडते. मामा तलावांत पाणी आहे, मालगुजार नाहीत. काळी पहाडी कोणत्याच नकाशावर नाही. तरी तिच्याकडे जाणारी वाट अजून बुजलेली नाही; मूल नसलेल्या स्त्रीकडे घर ज्या नजरेने पाहते, तेथून ती सुरू होते. पिशाच्चाचा दरवाजा ठोठावण्याआधी ठकुराईनसमोर घरातले सारे दरवाजे बंद झाले होते. चित्रपटाचे नाव पहाडीतल्या दाराला दिले आहे, पण ते शोभते हवेलीच्या दारांना.